परत आलेले दोन रुपये

आईनं तळ्यात टाकलेलं दोन रुपयांचं नाणं एका जर्मन पोरानं बुडी मारून वर काढलं आणि तिच्या हातात आणून दिलं. घडलं ते एवढंच. पोरगं आठ-नऊ वर्षांचं असेल. समोरचे दोन दात पडलेले, डोळ्यांवर पोहण्याचा निळा चष्मा, ओठ गारठून जांभळे. काठाशी कमरेएवढ्या पाण्यात ते आपल्या बहिणीबरोबर शिंपले शोधत होतं. आईनं नाणं कपाळाला लावलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि लांब टाकायचं म्हणून टाकलं. पण सत्तरीतल्या खांद्याचा जोर तो किती, नाणं पोराच्या पुढ्यातच पडलं. पुढच्या क्षणी त्याचे तळपाय वर आणि डोकं खाली. वर आला तो मूठ उंच धरूनच. पाणी निथळत आईसमोर उभा राहिला आणि अगदी अदबीनं म्हणाला, ‘तुमचं हे पडलं.’ आई माझ्याकडं बघायला लागली. मग मीच पुढं होऊन त्याला ‘धन्यवाद’ म्हटलं. पोर खूश होऊन पाण्यात पळालं. आईचा हात तसाच पुढं, तळव्यावर ओलं नाणं. जेवायला बसलेल्या पाहुण्यानं ताट हातानं मागं सारावं, तेव्हा यजमानीण बाईचा चेहरा जसा होतो, तसा तिचा झाला होता.

तिनं मूठ मिटली, ती घरी पोचेपर्यंत उघडली नाही.

त्या दिवशी आषाढी एकादशी होती आणि नेमका रविवार. सकाळपासून आईचं मन पंढरपुरात. ‘चंद्रभागेला आज पाय ठेवाय जागा नसंल,’ असं दोनदा म्हणून झालं. मग खिडकीतनं समोरची कौलं बघत तिनं विचारलं, ‘तुमच्या ह्या बर्लिनात एकादशीला न्हायाजोगं पाणी हाय का न्हाई कुठं?’ कोल्हापुरात उतरून मिसळ मिळते का म्हणून विचारण्यासारखाच हा प्रश्न. या शहराच्या पोटात आणि कडेला इतकी तळी आहेत की जुलैतल्या सोमवारी ऑफिसात कोण कुठल्या तळ्यावर गेलं होतं, हाच विषय असतो. मी म्हटलं, चल. साबुदाण्याची खिचडी डब्यात भरली. साबुदाणा तिनं गावाकडनंच आणलेला. इथल्या आशियाई दुकानातला भिजवला की त्याची खळ होते, हे मी तिला तीन वर्षं फोनवर सांगत होते, त्यामुळं बॅगेत कपड्यांपेक्षा साबुदाणाच जास्त निघाला. मी, आई आणि माझी अकरा वर्षांची लेक, अशा तिघी भुयारी रेल्वेच्या यू-३ मार्गाच्या शेवटच्या स्टेशनावर उतरलो. स्टेशनाचं नाव क्रुमे लांके, त्याच नावाचं तळं तिथनं दहा-पंधरा मिनिटांवर. आईनं नऊवारीचा काष्टा घातलेला आणि खाली कराडात घेतलेले पांढरे बूट. तळ्यापासून तळ्यापर्यंत, रानातनं चालत जायचं, असा माझा बेत होता. चार-पाच किलोमीटर. आईला अंतराचं काही वाटलं नाही. ‘काय काम असल्याबिगर चालायचं?’ एवढंच तिनं विचारून घेतलं.

ग्रुनवाल्डचं रान वाळूत उभं आहे. पायवाटेवर बूट रुततात आणि कोकणातल्या सुरूच्या बनात चालल्यासारखा आवाज येतो. पाइनचे खोड सरळसोट, वरच्या अंगाला विटकरी, ऊन पडलं की तिथनं डिंकाचा वास सुटतो. मधे मधे बर्च, चुना लावल्यासारखे पांढरे. मला या रानाची सवय झाली आहे, पण आईबरोबर चालताना ते पहिल्यांदा दिसल्यासारखं दिसलं, कारण ती झाडांकडं बघतच नव्हती. ती बघत होती जमिनीकडं. तिथं वाळकी लाकडं पडलेली. मोडलेल्या फांद्या, उन्मळून आडवे झालेले अख्खे बुंधे, त्यांवर शेवाळ आणि कुत्र्याच्या छत्र्या. ‘एवढं जळण असंच कुजवत्यात व्हय?’ तिला ते सहनच होईना. मी सांगितलं की ते मुद्दाम ठेवतात, किड्यामुंग्यांसाठी, सुतारपक्ष्यांसाठी, त्यातनंच पुढं माती होते. ‘आन् माणसं?’ तिनं विचारलं. माणसांना गॅसची पाइपलाइन आहे, म्हटलं. तिनं एक चांगलं वाळलेलं बेचकं उचलून काठी म्हणून घेतलंच.

मग मी तिला सांगितलं, कारण मलाही ते इथं आल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं होतं, की महायुद्ध संपल्यावरच्या हिवाळ्यांत बर्लिनच्या बायाबापड्यांनी हेच रान जळणासाठी तोडून नेलं. आज आपण ज्याच्यातनं चाललोय त्यातलं पुष्कळसं नंतर लावलेलं आहे. त्याआधी १९१५ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, बर्लिन आणि भोवतालच्या गावांनी मिळून प्रशियाच्या सरकारकडनं सुमारे दहा हजार हेक्टर जंगल पाच कोटी मार्काला विकत घेतलं होतं. त्यावर पुढं घरं उठवायची नाहीत, या बोलीवर. एवढा पैसा मोजून, कागद करून राखलेलं रान तीस वर्षांनी चुलीत गेलं. आईला १९१५ चं काही वाटलं नाही, चुलीचं वाटलं. ‘जाणारच,’ ती म्हणाली, ‘लेकरू कुडकुडाय लागलं की झाड कुणाचं ते कोण बघतंय?’ त्यानंतर तिचं त्या रानाशी जरा जमलं. वाटेत एका बुंध्याला हात लावून तिनं त्याचं वय विचारावं तसं पाहिलं.

क्रुमे लांके संपून श्लाख्टनझे सुरू होतं. दोन्ही त्याच एका ओळीतली तळी, शेवटच्या हिमयुगात बर्फाच्या वितळत्या पाण्यानं कोरलेल्या लांबट चरातली. त्यामुळं तळं म्हणावं तर नदीसारखं अरुंद, आणि नदी म्हणावी तर जागची हलत नाही. श्लाख्टनझेची रुंदी दोनेकशे मीटर, भोवतीची वाट पाच-साडेपाच किलोमीटर. ‘श्लाख्ट’ म्हणजे जर्मनमध्ये लढाई, म्हणून नवीन माणूस इथं कधी लढाई झाली होती का असं विचारतो. तसं काही नाही, ते एका जुन्या स्लाव्ह गावाचं नाव आहे, जीभ बदलत बदलत असं झालेलं. काठाला झाडं थेट पाण्यावर वाकलेली, मधे मधे माणसांनी बसून बसून मोकळ्या केलेल्या जागा. अशाच एका जागी आम्ही चादर अंथरली. तिथं एक आजीबाई पाण्यातनं बाहेर आल्या, जन्मल्या तशा, आणि सावकाश केस पुसत उभ्या राहिल्या. मी आईचं लक्ष दुसरीकडं वेधायला तुरेवाल्या टिबुकलीकडं बोट दाखवलं. खरंच होती समोर, पट्ट्यापट्ट्याची दोन पिल्लं पाठीवर घेऊन चाललेली. आईनं टिबुकली पाहिली, आजीबाईही पाहिल्या. मग म्हणाली, ‘बरं हाय की. लुगडं वाळवायचा ताप न्हाई.’

(याच रानात टॉयफेल्सझे म्हणून आणखी एक तळं आहे, सैतानाचं तळं. तिथं २०२० च्या ऑगस्टमध्ये एका रानडुकरिणीनं पोहायला आलेल्या गृहस्थांची पिवळी पिशवी पळवली, आत लॅपटॉप, आणि गृहस्थ होते त्या अवस्थेत तिच्यामागं पळाले. तो फोटो जगभर फिरला. मी तो आईला दाखवल्यावर ती पोट धरून हसली, आणि माणूस बाजूला ठेवून डुकराची पिल्लं किती होती ते मोजत बसली. दोन.)

आता विहिरीबद्दल सांगायला हवं.

आमच्या गावाला थोरली विहीर म्हणून विहीर होती. भाऊबंदकीची, दगडी बांधणीची, एका अंगाला बैलांची धाव बुजून गेलेली आणि दुसऱ्या अंगाला पाच हॉर्सपॉवरची मोटर. एप्रिल-मे महिन्यात गावातली सगळी पोरं तिथं असायची. अण्णा, म्हणजे माझे धाकटे चुलते, एकेका पोराच्या पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधायचे आणि वरनं ढकलून द्यायचे. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की भेंडासारखं हलकं होतं, ते माणसाला बुडू देत नाही. आठ दिवसांनी बिंडा सुटायचा, मग तेलाचा बंद डबा, मग तोही नाही. पंधरवड्यात पोरं काठावरनं मुटका मारायला लागायची. दादा शिकला, मधला शिकला, माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेला धाकटाही शिकला. मी वर लिंबाखाली त्यांच्या कपड्यांची राखण करत बसायची. मला त्या विहिरीचे आवाज पाठ आहेत. मुटका बसला की होणारा ‘धाप्प’, सूर मारला की नुसताच ‘सुक्’, आणि त्यानंतर पोरगं वर येईपर्यंतची ती शांतता. वर आलं की पहिला श्वास. धाकट्याचा श्वास मी डोळे मिटून ओळखायची. पाण्याचा वास यायचा, गार, शेवाळाचा, थोडा डिझेलचा. एकदा मी अण्णांना म्हटलं, मलाही बांधा की बिंडा. ते हसले आणि म्हणाले, आईला विचारून ये.

आईनं काही विचारून घेतलं नाही. सरळ पाठीत धपाटा घातला. विहिरीच्या उत्तर अंगाला, कण्हेरीच्या बुडात सात शेंदरी गोटे होते, साती आसरा. त्यांच्या शेजारी म्हसोबा. बाळंतीण बारा दिवसांनी पहिल्यांदा पाण्याला जायची ती त्यांना हळद-कुंकू वाहून. भर दुपारी, केस मोकळे सोडून, एकटीनं पाण्याकडं जायचं नाही, आसरा धरतात. पोरांना धरत नाहीत का, असं मी विचारलं होतं. त्याचं उत्तर असं होतं, की त्यांना बाया आवडतात. हे मला त्या वयात पटलं होतं, किंबहुना थोडं बरंही वाटलं होतं, की आपण कुणाला तरी इतक्या आवडतो.

मी सातवीत होते तेव्हा आमच्या वाड्यातली एक काकी त्या विहिरीत सापडली. सकाळी कासंडी आणि चपला काठावर होत्या. गळ टाकला, गळाला काही लागेना, मग पोरांनाच खाली उतरवलं. तीच पोरं, जी आदल्या दिवशी तिथंच शिवणापाणी खेळत होती. दादानं तिला वर आणली. तो अकरावीत होता. पंचनाम्यात पाय घसरून असं लिहिलं. गावात आसरांनी नेली असं म्हणाले. आईही तेच म्हणाली, आणि त्या अमावास्येला हिरवी चोळी, बांगड्या, दहीभात घेऊन जाऊन आली. त्यानंतर दोन उन्हाळे थोरल्या विहिरीवर कुणी मुटका मारला नाही. आमच्याकडं पुरुष विहिरीत उतरतो तो पोहायला किंवा गाळ काढायला. बाई विहिरीत उतरते ती... हे वाक्य कुणी पुरं करत नाही. घरातल्या कुणाचं नाव घ्यायला नको म्हणून बिचाऱ्या आसरांचं घेतलं, एवढं कळायला मला पंचवीस-तीस वर्षं लागली. आणि आईला ते त्याच दिवशी ठाऊक होतं, हे कळायला आणखी थोडी. तो धपाटा त्याच्या आधीचा होता. त्याच्याही आधी कुणीतरी असणार. प्रत्येक गावच्या विहिरीत कुणीतरी असतंच.

मी पोहायला शिकले ती अडतिसाव्या वर्षी, तीही लेकीमुळं. बर्लिनच्या शाळांत तिसरीला पोहणं हा विषयच असतो, गणितासारखा. पोरांना वर्गातनं पोहण्याच्या तलावावर नेतात. लेकीनं पंचवीस मीटर पोहून, पाण्यातनं कडं काढून ‘झेप्फेर्डशेन’ मिळवलं. झेप्फेर्डशेन म्हणजे समुद्रघोड्याचं चित्र असलेला कापडी बिल्ला. तो पोहण्याच्या कपड्यावर शिवून द्यायचा असतो. मी तो शिवत होते आणि तिनं सहज विचारलं, तुझा कुठाय? दुसऱ्या महिन्यात मी मोठ्यांच्या वर्गाला नाव घातलं. आठ जणी होतो. दोघी सीरियाच्या, एक तुर्की आजी, एक व्हिएतनामची, आणि बाकीच्या कुठकुठल्या. सगळ्यांच्या गावाला पाणी होतं. शिकवणारी बाई पहिल्या दिवशी म्हणाली, पाण्यावर नुसतं उताणं पडायचं, कान पाण्यात बुडू द्यायचे. सगळ्यांत अवघड गेलं ते कान बुडवणं. हातपाय मारायला मी लगेच तयार होते. कान पाण्याखाली गेले की वरचे आवाज बंद होतात आणि आतला एक सुरू होतो, तो मी लिंबाखाली बसून कधी ऐकला नव्हता. चार महिन्यांनी पंचवीस मीटर झाले. लेकीनं टाळ्या वाजवल्या आणि मग लाजून इकडंतिकडं पाहिलं.

तलावात पोहणं वेगळं आणि तळ्यात वेगळं. तलावाला फरश्या असतात, खालची निळी रेघ तुम्हाला सांगत असते की तू इथं आहेस. श्लाख्टनझेत काठापासून दहा हातांवर तळ दिसेनासा होतो. पाणी हिरवं, मग काळपट हिरवं. वरचं हातभर पाणी उन्हानं कोमट झालेलं, आणि पाय जरा खाली सोडला की एकदम गार थर लागतो, कुणीतरी घोट्याला धरावं तसा. पहिल्यांदा तो थर लागला तेव्हा मी किंचाळले. शास्त्र मला ठाऊक होतं. ऊन वरचं पाणी तापवतं, गार पाणी जड म्हणून खाली राहतं, उन्हाळाभर दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. पण घोट्याला शास्त्र ठाऊक नव्हतं. त्याला सात शेंदरी गोटे ठाऊक होते.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शेजारीणबाई एप्रिल ते ऑक्टोबर याच तळ्यात पोहतात. कमरेला दोरीनं नारिंगी फुगा बांधलेला, तो मागं मागं तरंगत येतो, लांबनं दिसावं म्हणून. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू फुटलं. आमच्याकडं काही जण बिंड्याऐवजी वाळलेला भोपळा बांधायचे, तो असाच दिसायचा. त्यांना मी हे सांगितलं आणि मग आसरांचंही सांगितलं, जरा संकोचत, कारण या लोकांना आपल्या देवाधर्माचं सांगायला गेलं की ते फार आदरानं ऐकतात आणि तो आदरच नको वाटतो. पण त्या म्हणाल्या, आमच्याकडंही होतं की. त्यांची आजी त्यांना चोवीस जूनला, संत योहानच्या दिवशी, पाण्याच्या जवळ फिरकू द्यायची नाही. त्या दिवशी नदी आपला बळी मागते. कुठं नदी म्हणायचे, कुठं पाण्यात राहणारा निक्स म्हणायचे. ‘आता?’ मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘आता जीवरक्षक आहेत.’ आणि फुगा बांधून पाण्यात शिरल्या. मला त्यांचा हेवा वाटला, आणि कसलं तरी वाईटही वाटलं. माझ्या लेकीला तर फुगाही नको असतो. ती पाण्यात जाते ती पाण्यातच जाते, तिथं आणखी कुणी असेल हे तिच्या ध्यानीमनी नसतं. हेच तर मला हवं होतं. तरी ती मधोमध डोकं बुडवते तेव्हा माझ्या तोंडून कुणाला तरी उद्देशून ‘सांभाळा गं’ निघतंच. अनेकवचनी.

त्या एकादशीला खिचडी खाऊन झाल्यावर आईनं विचारलं होतं, ‘हितं पाणी कुठनं येतंय? झरा हाय?’ मी खरं ते सांगितलं. पूर्वी जमिनीतनं यायचं, मग शहराच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरींनी भूजल खाली नेलं, तळी आटायला लागली, म्हणून हाफेल नदीचं पाणी आणून यात सोडतात. १९८१ पासून ते आधी यंत्रातनं काढून त्यातला फॉस्फेट वेगळा करतात, म्हणून शेवाळ माजत नाही आणि पाणी असं नितळ राहतं. आईनं नीट ऐकून घेतलं. ‘मंजी नळाचंच म्हण की,’ ती म्हणाली. मला जरा लागलं ते. मी म्हटलं, मग आपली कृष्णा तरी काय, वरनं धरणातनं सोडतील तेवढीच. ‘व्हय,’ ती म्हणाली, ‘पर ती कृष्णा हाय.’ यावर काय बोलणार? मग तिनं काष्टा खोचला, घोट्याएवढ्या पाण्यात उतरली, ओंजळभर पाणी डोक्यावर घेतलं. झालं एकादशीचं न्हाणं. कनवटीचा रुमाल सोडून नाणं काढलं. नळाच्या पाण्याला का असेना, दिल्याशिवाय ती यायची नव्हती. आमची एसटी कृष्णेच्या पुलावर आली की तिचा हात आजही खिडकीतनं बाहेर जातो.

पुढचं मघाशी सांगितलं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली, मूठ मांडीवर. दोन स्टेशनं गेल्यावर म्हणाली, ‘परत का आलं गं ते?’ मी म्हटलं, अगं त्या पोराला वाटलं तुझ्या हातनं पडलं. ‘ते कळलं मला. मी इचारतीया परत का आलं?’ समोर बसलेली लेक फोनमधनं मान वर काढून म्हणाली, ‘आजी, तळ्यात काही टाकलं तर तो कचरा होतो ना. मासे आजारी पडतात. तो मुलगा चांगला होता.’ तिचा ‘ळ’ अजून नीट येत नाही, ‘तल्यात’ म्हणते. आईनं तिच्याकडं प्रेमानंच पाहिलं. ‘व्हय बाळ, चांगलाच होता,’ म्हणाली. पण मला तो शब्द टोचला. लेकीचं काही चुकलं नव्हतं. मीच तिला शिकवलंय की पाण्यात काही टाकायचं नाही. आपल्याकडं निर्माल्याच्या पिशव्या पुलावरनं कशा फेकतात, ते मीच तिला नाक मुरडून सांगितलेलं आहे. आणि गाडीत माझ्या शेजारी जी बसली होती, तिच्या मुठीत तर दोन रुपये होते.

रात्री भांडी विसळताना ती पाठमोरीच बोलली, ‘ते काय मी इठोबासाठी न्हवतं टाकलं.’ नळ चालू होता. ‘मग?’ मी विचारलं. तिनं कढई उपडी घातली. ‘असंच. ती गेली तवा मी म्हटलं हुतं, जितं पाणी बघीन तितं देईन. अजून चुकलं न्हाई.’ कोण गेली, हे मी विचारलं नाही. थोडा वेळ आम्ही दोघी नुसत्याच उभ्या होतो. मग तिनं विचारलं, ‘ती बिंडा बांधून पवती, तळमजल्यावरची, ती मधापत्तोर जाती का?’ जाते, म्हटलं. ‘आन् तू?’

तिचं विमान बुधवारी होतं. सोमवारी संध्याकाळी मी ऑफिसातनं लवकर निघाले आणि आम्ही दोघीच गेलो, लेकीला न घेता. या वेळी रानातनं नाही, एस-१ लोकलनं थेट तळ्याजवळच्या स्टेशनावर. तिथनं पायऱ्या उतरलं की पाणी. आभाळ भरलेलं होतं, माणसं तुरळक. आईनं रुमाल सोडला आणि नाणं माझ्या हातावर ठेवलं. ‘पार मधी जाऊन टाक. तितं कुणाचं पोरगं बुडी माराय येणार न्हाई.’ मला सगळं बोलायचं होतं. ज्या बाईनं मला बिंडा बांधू दिला नाही, तीच मला आता मधोमध पाठवतेय. बोलले नाही. कपडे तिच्या हातात दिले. ती काठावर माझ्या कपड्यांची राखण करत बसली.

मूठ मिटून पोहता येत नाही, हे शंभर मीटर जायचं म्हटल्यावर कळतं. एक हात पाणी ओढतो, दुसरा नुसताच जातो, आणि माणूस गोल फिरायला लागतं. वीस-तीस हात गेल्यावर मी नाणं तोंडात घातलं, गालाशी धरलं. गंजलेल्या नळाची चव. श्वास नाकानं घ्यायचा. पाणी कानाशी आलं, गेलं, आलं. मधे पोचले तेव्हा मागं वळून पाहिलं. झाडांची काळी रांग आणि तिच्या बुडाशी एक हिरवा ठिपका, उभा राहिलेला. ही सगळ्यात खोल जागा नसेल, पण आठ-नऊ मीटरचं पाणी इथं कुठंतरी होतं. मी पाय खाली सोडले. गार थर घोट्याला लागला. मी किंचाळले नाही. तोंडातनं नाणं काढलं, कपाळाला लावायला हात वर घेतला तशी बुडाले, नाकातोंडात पाणी गेलं, आणि त्या धांदलीत ते सुटलं. एकदा, दोनदा पांढरं लकाकलं, पान पडावं तसं हेलकावत, मग हिरव्यात मिसळलं. त्या काकीचं नाव मनात घ्यायचं ठरवलं होतं. ते घ्यायचं राहिलं.

काठाला आले तेव्हा आई गुडघाभर पाण्यात उभी होती. काष्टा भिजला होता, बूटही. पायातनं काढायचं तिला सुचलं नव्हतं. एका हातात माझे कपडे उंच धरलेले.

‘दिसलं का खाली जाताना?’

‘थोडा वेळ दिसलं.’

‘वर न्हाई ना आलं?’

‘नाही.’

‘बरं,’ ती म्हणाली. ‘आता केस पूस आधी.’